मला समजलेल्या रमाबाई

आमच्या मंडळाच्या पंचविसाव्या वर्षाच्या स्मरणिकेत एखादे चरित्र असावे असे कार्यकारिणीत ठरले, आणि ते मी लिहावे असेही त्याच बैठकीत ठरून गेले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. लग्नानंतर हातात लेखणी धरली ती दुधाचा हिशेब मांडायला आणि माहेरी ख्यालीखुशाली कळवायला. तेव्हा भगिनींनी चुकले-माकले पदरात घ्यावे.

कुणाचे चरित्र लिहू, हा प्रश्न मात्र मला पडला नाही. कै. रमाबाई रानडे यांचे. त्याचे कारण आधी सांगते, म्हणजे मी त्यांच्याविषयी एवढ्या आपुलकीने का लिहिते ते कळेल.

गेल्या वर्षी मंडळाचे अध्यक्षपद माझ्याकडे आले. आधीच्या अध्यक्षाबाई मुलाकडे परगावी राहायला गेल्या आणि दुसरे कुणी होकार देईना, म्हणून आले. त्या बाई पदवीधर. बोलायला उभ्या राहिल्या की सभागृह कसे गप्प होई. मला वाटले, अध्यक्ष व्हायचे म्हणजे त्यांच्यासारखे व्हायचे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी त्यांच्यासारखी साडी नेसले, त्यांच्यासारखा चष्मा हातात धरला आणि मुलाकडून लिहून घेतलेले भाषण पाठ करून उभी राहिले. चार वाक्ये बोलले असेन. पाचवे आठवेना. मागच्या रांगेतून हसू ऐकू आले. घरी येऊन मी तिळगूळ ताटात तसाच ठेवला आणि मोरीत जाऊन रडले. सातवी शिकलेल्या बाईला कशाला खुर्चीवर बसवले, असेही एक जण बोलल्याचे कानावर आले.

त्याच आठवड्यात ग्रंथालय सांभाळणाऱ्या आमच्या भगिनीने रमाबाईंचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक हातात ठेवले. टीव्हीवर 2012 साली त्यांच्यावर ‘उंच माझा झोका’ ही मालिका लागली होती, ती आपल्यापैकी पुष्कळ जणींनी पाहिली असेल. मीही पाहिली होती. पण मालिकेत दागिने, नऊवारी नि वाडा यांकडेच माझे लक्ष अधिक. पुस्तकात बाई भेटल्या.

रमाबाईंचा जन्म 25 जानेवारी 1862 चा, देवराष्ट्रे या गावचा. गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आता सांगलीत मोडते. माहेरचे आडनाव कुर्लेकर, नाव यमुना. घरात मुलींना अक्षरओळख करून देण्याची रीत नव्हती. रोज संध्याकाळी आई मुलांना जवळ घेऊन पुराणातल्या गोष्टी सांगे, तेवढेच शिक्षण. पण हे तेवढेच म्हणून सोडून देऊ नये. पुढे शेकडो बायकांपुढे बोलताना रमाबाईंना जो सोपेपणा साधला, तो याच संध्याकाळचा, असे मला आपले वाटते.

अकराव्या वर्षी, 1873 च्या डिसेंबरात, त्यांचे लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले. माधवरावांचे वय एकतीस. पहिली पत्नी जाऊन दोन-तीन महिनेही झाले नव्हते. माधवराव सुधारक, विधवाविवाहाचे कैवारी. त्यांनी आता विधवेशीच लग्न करावे अशी मित्रांची अपेक्षा होती. वडील मात्र हट्टाला पेटले आणि लहान मुलीशी लग्न लावून मोकळे झाले. पुण्याच्या लोकांनी माधवरावांवर टीका केली ती योग्यच होती असे माझे मत आहे. पण त्या टीकेत यमुनेचा काय दोष? ती अकरा वर्षांची मुलगी, नवऱ्याच्या मनाविरुद्ध घरात आलेली. मला तर त्या पहिल्या दिवसाचा विचार आला की पोटात कालवते.

माहेर सोडताना वडिलांनी तिला समजावून सांगितले होते की सासरी कुणी काही बोलले तरी सोसायचे, उलट उत्तर करायचे नाही, आणि घरातली गाऱ्हाणी नवऱ्याच्या कानावर कधीही घालायची नाहीत. हे तिने जन्मभर पाळले. आजच्या मुलींना हा उपदेश रुचणार नाही. मलाही पुरता रुचत नाही. पण तिने त्याचे पुढे काय केले ते पाहण्यासारखे आहे.

लग्न झाले त्याच रात्री माधवरावांनी तिला लिहितावाचता येते का ते विचारले, येत नाही म्हटल्यावर पाटी पुढे ठेवली आणि मुळाक्षरे गिरवायला घातली. त्यानंतर रोज रात्री शिकवणे सुरू झाले. नवरा कौतुकाने शिकवतो आहे म्हणजे सगळे गोड झाले असे वाटेल. तसे नव्हते. रानड्यांच्या घरात सासूबाई, नणंद, नात्यातल्या थोराड बायका मिळून मोठा गोतावळा. दिवसभर यमुना, आता तिचे नाव रमा, त्यांच्या ताब्यात. रात्री पाटी आणि दिवसा टोमणे. वाचनाचा आवाज वरून खाली गेला की दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात त्याची नक्कल होई. पुढे पुण्यात एक इंग्रज बाई घरी येऊन त्यांना इंग्रजी शिकवू लागल्या, तेव्हा तर धडा संपला की स्नान केल्यावाचून कशाला हात लावू देत नसत. पुण्याच्या थंडीत भरल्या अंगाने पुन्हा पुन्हा न्हाऊन शेवटी त्यांना तापाने धरले.

गंमत अशी की हे छळणारे कुणी दुष्ट नव्हते. रमाबाईंनी पुस्तकात त्यांना दुष्ट रंगवलेले नाही. त्या बायकांपैकी काही जणी बालपणीच कपाळ पांढरे झालेल्या. त्यांना कुणी पाटी दिली नव्हती. दुसरीला मिळते आहे हे पाहून जीव जळणारच. रमाबाईंना हे त्या वयात समजले असेल असे नाही. पुढे पुस्तक लिहिताना मात्र समजले होते, हे ओळीओळीतून जाणवते. 1910 साली ते पुस्तक छापले गेले, त्याला नामदार गोखल्यांची प्रस्तावना आहे. तेव्हा रमाबाई अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या आणि पुण्यामुंबईत त्यांचा मोठा लौकिक झालेला होता. इतका लौकिक झालेल्या बाईने आपले रुसवे, आपला भित्रेपणा, आपल्या चुका जगापुढे मांडाव्यात याचे मला फार नवल वाटले. आपण तर साधी करपलेली पोळीसुद्धा पाहुण्यांपासून लपवतो.

1878 च्या सुमारास माधवरावांची बदली नाशिकला झाली आणि रमाबाईंना पहिल्यांदा मोकळा वारा लागला. घर त्यांच्याच हाती आले. हिशेब, नोकरमाणसे, येणारेजाणारे. इंग्रजीचा अभ्यास तिथेच सुरू झाला. तिथल्याच मुलींच्या शाळेच्या एका समारंभात त्यांना पुढे व्हावे लागले. लेखी आभार वाचायचे होते, पाहुण्यांना हार घालायचे होते. वाचणे कसेबसे पार पडले. बायकांना हारही घातले. पण पुरुष पाहुण्याच्या गळ्यात हार घालायची वेळ आली तेव्हा त्यांचा हात पुढे होईना. परक्या पुरुषाला हार कसा घालायचा? त्या थांबल्या आणि एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी तो घातला. घरी आल्यावर यजमानांनी त्यावरून थट्टा केली म्हणतात.

हा प्रसंग वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले. चारचौघांत अडखळलेली मी एकटीच नव्हते. आणि रमाबाईंचे अडखळणे माझ्यासारखे नव्हते हेही कळले. मी अडखळले कारण दुसऱ्याचे शब्द तोंडात घेतले होते. त्या अडखळल्या कारण आपल्याला काय जमते आणि काय नाही हे त्यांना आतून ठाऊक होते, आणि सगळी सभा पाहत असतानाही त्यांनी ते झाकले नाही.

पुढे माधवराव पुण्याला परत आले. 1882 साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज काढला. आपल्या रमाबाई त्यांच्या व्याख्यानांना जाऊ लागल्या. आता दोन रमाबाई शेजारी ठेवून पाहा. एक संस्कृतच्या पंडिता, कलकत्त्याच्या विद्वानांनी गौरवलेल्या, निर्भीड, देशभर फिरलेल्या. दुसरीच्या घरी परतल्यावर कुणी पाण्याचा तांब्या पुढे करील की नाही याची धास्ती. दुसरीने पहिलीची नक्कल करायची म्हटले असते तर काय झाले असते? माझ्या भाषणाचे झाले तेच. रमाबाईंनी पंडिताबाईंकडून पुष्कळ घेतले, पण त्यांच्यासारखे होण्याचा आव कधी आणला नाही.

मुलींचे हायस्कूल पुण्यात निघावे म्हणून खटपट चालली होती. त्यासाठी मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यापुढे सभेत इंग्रजी मानपत्र वाचायचे काम रमाबाईंवर आले. त्यांनी ते वाचले. ती शाळा 1884 साली निघाली, तीच आपली हुजूरपागा. पण मानपत्र वाचून घरी आल्यावर जे घडले ते त्यांनी फार खुलासेवार लिहिले आहे. शेकडो पुरुषांपुढे इंग्रजी वाचून आलेल्या सुनेवर घरच्या बायकांनी शब्दांचा असा मारा केला की काही विचारू नये. रमाबाई खाली मान घालून उभ्या. नवऱ्याला सांगायचे नाही हा वडिलांचा शब्द. माधवरावांना न सांगता समजले, पण त्यांनीही उलट बोलू नको, सोस, असेच सांगितले. घरच्या बायकांचे ऐकावे तर यजमान नाराज, यजमानांचे ऐकावे तर घर नाराज. या दोन दगडांवर पाय ठेवून त्या वीस वर्षे चालल्या.

मला इथे माधवरावांचा थोडा राग येतो, तोही लिहून टाकते. एवढा मोठा न्यायाधीश माणूस. घरात न्याय करायची वेळ आली की सहनशीलतेचा धडा बायकोलाच का? पण रमाबाईंचा राग तसा दिसत नाही. नवऱ्यावर त्यांची अपार भक्ती. आणि ती भक्ती असूनही त्यांची स्वतःची बुद्धी शाबूत होती. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून मोठा गहजब झाला आणि 1892 मध्ये माधवरावांनी मित्रांसाठी म्हणून प्रायश्चित्त घेतले. रमाबाईंना ते पटले नव्हते. आणि पटले नव्हते हे त्यांनी, नवऱ्याच्या आठवणींचे पुस्तक लिहीत असतानाच, लिहून ठेवले. देवाच्या मूर्तीला टाक्याचा व्रण असेल तर तो दाखवणारी भक्ती वेगळी असते.

एक हलकी गोष्ट सांगते. 1886 साली सरकारच्या एका समितीवर माधवरावांची नेमणूक झाली, त्यानिमित्ताने दोघे सिमला, कलकत्ता फिरले. कलकत्त्यात माधवरावांनी बंगाली शिकायला घेतले. सकाळी न्हावी दाढी करीत असे आणि माधवराव समोर बंगाली पुस्तक धरून त्याला उच्चार विचारीत. तो बिचारा वस्तरा थांबवून चूक दुरुस्त करी. रमाबाईंना आधी हसू आले, न्हाव्याला गुरू केले म्हणून त्यांनी थट्टाही केली. तेव्हा माधवरावांनी दत्तात्रेयांच्या चोवीस गुरूंची आठवण दिली. रमाबाई त्याच मुक्कामात बंगाली शिकल्या. न येणारी गोष्ट येत नाही म्हणून उघड विचारणे, तेही दाढीला साबण लागलेला असताना, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

1893 साली माधवराव मुंबईच्या हायकोर्टात न्यायमूर्ती झाले. मुंबईत रमाबाईंनी बायकांसाठी एक मंडळ चालवले. शिवण, भाषा, भाषणे, एकत्र जमणे. आपल्या मंडळासारखेच की! आणि मग 16 जानेवारी 1901 ला माधवराव गेले.

रमाबाई तेव्हा अडतीस वर्षांच्या होत. मूलबाळ नाही. पाटीवरचे पहिले अक्षर ज्याने काढून दाखवले तो माणूस गेला. त्या पुण्याला आपल्या वाड्यात परतल्या आणि वर्षभर घराबाहेर पडल्या नाहीत. लोकांना वाटले, संपले. नवऱ्याच्या प्रकाशाने उजळलेली बाई, दिवा विझला. खरी परीक्षा इथे होती. आजवर जे केले ते यजमानांच्या इच्छेने केले. आता इच्छा कुणाची?

त्या वर्षात त्यांच्या मनात काय चालले होते ते मला सांगता येणार नाही. एवढे दिसते की बाहेर पडल्या तेव्हा त्यांनी सुरुवात व्याख्यानाने केली नाही. त्या येरवड्याच्या तुरुंगात बायकांच्या विभागात जाऊन कैदी बायकांजवळ बसू लागल्या. इस्पितळात फळे, फुले घेऊन जाऊ लागल्या. सुधारगृहातल्या मुलांना सणावाराला खाऊ नेऊ लागल्या. ज्या बाईला स्वतःला घरात कुणी जवळ बसवून घेतले नव्हते, ती दुसऱ्यांजवळ जाऊन बसत होती.

1904 साली मुंबईला भारत महिला परिषद भरली, तिचे अध्यक्षपद डॉ. भांडारकर वगैरे मंडळींच्या आग्रहाने त्यांनी घेतले. 1908 साली मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढले, त्याच्याही त्या अध्यक्ष झाल्या. आणि 1909 साली पुण्याचे सेवासदन सुरू झाले ते त्यांच्या स्वतःच्या वाड्यात. जोडीला भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर होते.

सेवासदनाची बांधणी पाहिली की रमाबाईंचा स्वभाव ओळखू येतो. तिथे येणाऱ्या पुष्कळ जणी विधवा, टाकलेल्या, किंवा सासरी मन मारून राहिलेल्या. त्यांना मोठ्या तत्त्वज्ञानाने कोण ओढून आणणार? लिहिणे-वाचणे, शिवण, प्रथमोपचार, आणि पुढे ससून इस्पितळात नर्सचे शिक्षण. पांढरपेशा घरातल्या बायकांनी परक्या रोग्याची सेवा करायची म्हणजे तेव्हा भयंकर गोष्ट होती. सोवळे, विटाळ, परपुरुषाचा स्पर्श, सगळेच आडवे येई. ज्या बाईचा हात एकेकाळी हार घालताना थांबला होता, तिला या बायकांचा हात का थांबतो हे सांगावे लागत नव्हते. तिने त्यांची थट्टा केली नाही. आधी वाड्यात येऊ दिले, मग इस्पितळाच्या दारापर्यंत नेले, मग आत.

इथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. याच पुण्यात रमाबाईंच्या जन्माआधी चौदा वर्षे, 1848 साली, सावित्रीबाई फुले मुलींना शिकवायला रस्त्याने जात होत्या आणि अंगावर शेणमाती झेलत होत्या. ज्यांना कुणीच विचारीत नव्हते त्यांच्या मुली त्यांच्या शाळेत होत्या. रमाबाईंचे काम उशिरा सुरू झाले आणि आरंभी वरच्या जातींच्या घरांतच अधिक राहिले. हा उणेपणा आहे. पण सावित्रीबाईंची लढाई रस्त्यावरची होती, रमाबाईंची माजघरातली. माजघरात शेण अंगावर पडत नाही, पण रोज जेवताना समोर बसलेल्या माणसांशी लढावे लागते.

पुढची वर्षे मी भराभर सांगते. 1913 साली गुजरात-काठेवाडात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिकडे मदतीला गेल्या. पुण्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करायचे ते आधी मुलांपुरते करावे, मुलींचे पैसे हाती आल्यावर पाहू, असा वाद 1920 च्या सुमारास पेटला, तेव्हा मुलींच्या बाजूने बायकांना घेऊन त्या उभ्या राहिल्या. मुंबई इलाख्यात बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून झालेल्या चळवळीतही त्या पुढे होत्या, आणि 1921 साली तो हक्क मिळाला. एके काळी सासूबाईंपुढे तोंड वर न करणारी बाई सरकारपुढे आणि नगरपालिकेपुढे उभी होती. पण आवाज चढवून बोलल्याचे कुठे वाचायला मिळाले नाही. पदर डोक्यावरच होता.

शेवटच्या काळातले त्यांचे एक काम मला सगळ्यांत आवडते. आषाढी-कार्तिकीच्या यात्रेला त्या सेवासदनाच्या स्वयंसेविका घेऊन आळंदीला जात आणि वारकरी बायकांची सेवा करीत. वय साठीला आलेले, नाव सगळ्या देशात झालेले, आणि बाई यात्रेच्या गर्दीत कुणाच्या पायाला मलमपट्टी करवीत उभ्या. देवराष्ट्र्याच्या अंगणात पुराणातली गोष्ट ऐकणारी यमुनाच ती.

1924 साली रमाबाई गेल्या. 1962 साली, जन्माला शंभर वर्षे झाली तेव्हा, सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

पुस्तक वाचून झाल्यावर मी चष्मा हातात धरणे सोडले. आणि आपल्या शिवणवर्गाचे पाहिले. वर्गातून अकरा जणी गळल्या होत्या. आधीच्या रीतीप्रमाणे सभा बोलावून, शिस्तीवर भाषण करून त्यांना समज द्यायची होती. मला भाषण येत नाही. म्हणून मी एकेकीच्या घरी गेले, ओट्याशी बसले, चहा घेतला. सात जणींच्या घरी चार वाजता नळाला पाणी येते आणि वर्गही चारचाच. एवढेच कारण. वर्ग अडीचला केला. नऊ जणी परत आल्या. एक जण बाळंतपणाला माहेरी गेली आहे.

राहिली एक. संक्रांतीच्या दिवशी मागच्या रांगेत हसली होती तीच ती. तिच्या घरी मी दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा दाराला कुलूप होते. वर्धापनदिनाचे हळदीकुंकू झाले की तिसऱ्यांदा जाणार आहे, ही स्मरणिकाच घेऊन.